सुगीच्या उपासनेत साक्ष द्यायची आहे. दुःख बाजूला ठेवून आभार मानावेत का?

प्रश्न : राहुरी तालुक्यातील एक भगिनी

सर्व वडीलधाऱ्यांना आणि बंधुभगिनींना प्रभूमध्ये सलाम.

आमच्या मंडळीत दिवाळी झाली की एका रविवारी सुगीची आभार-उपासना असते. ज्याच्या शेतात जे पिकले ते तो घेऊन येतो. कुणी बाजरीची आणि मक्याची कणसे आणतो, कुणी उसाची मोळी, कुणी भोपळा, कुणी गावरान कोंबडी. सारे वेदीपुढे मांडले जाते, पाळकसाहेब त्यावर प्रार्थना करतात आणि उपासना संपल्यावर आवारात त्याचा लिलाव होतो. या उपासनेत दोन-तीन कुटुंबे साक्ष देतात, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केले ते मंडळीपुढे उभे राहून सांगतात, आणि या वर्षी पाळकसाहेबांनी माझे नाव सुचवले आहे.

माझ्या यजमानांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या असून आठवड्यातून तीन वेळा त्यांना डायलिसिससाठी न्यावे लागते. उपचाराचा मुख्य खर्च शासनाच्या योजनेतून भागतो, परंतु गाडीभाडे, इंजेक्शने आणि बुडालेली मजुरी यांचा भार घरावरच आहे. रोज सकाळी मी त्यांच्यासाठी दिवसभराचे पाणी एका बाटलीत मोजून भरते. चहा, आमटी, गोळी गिळायला लागणारा घोट, सारे त्यातूनच वजा होते. उन्हाळ्यात ते त्या बाटलीकडे पाहतात आणि मागत नाहीत. झोपण्यापूर्वी त्यांच्या मनगटावरच्या फिश्चुलाला, म्हणजे डायलिसिसची सुई लावण्यासाठी शस्त्रक्रियेने जोडलेल्या रक्तवाहिनीला, बोट लावून मी थरथर लागते की नाही ते पाहते, कारण ती थांबली तर पुढच्या डायलिसिसला सुई कुठे लावायची हा प्रश्न उभा राहील. यंदा चाळीतला कांदाही सडला आणि सोसायटीचे कर्ज थकले.

या साऱ्यात माझ्याजवळ आभार मानण्यासारखे काहीच नाही, असे मी म्हणणार नाही. डायलिसिसच्या दिवशी जाऊबाई न सांगता डबा करून ठेवतात. केंद्रावरची एक परिचारिका सुई टोचण्यापूर्वी यजमानांशी दोन शब्द बोलते, त्यामुळे त्यांची भीती कमी होते. मुलीचे शिक्षण थांबलेले नाही. या गोष्टींबद्दल मी देवाचे आभार मनापासून मानते. परंतु प्रार्थनेला घरी येणारे काही जण सांगतात की आजाराबद्दलही उपकारस्तुती करायला शिका, म्हणजे आशीर्वादाची दारे उघडतील. थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातील ‘सर्व स्थितीत उपकारस्तुती करा’ हे वचन ते मला वाचून दाखवतात. मला ते वचन पाठ आहे आणि तरीही यजमानांच्या आजाराबद्दल ‘प्रभू, तुझे आभार’ हे शब्द माझ्या तोंडून निघत नाहीत.

माझा प्रश्न असा आहे. साक्षीत मी केवळ चांगल्या गोष्टी सांगितल्या तर ऐकणाऱ्यांना वाटेल की आमच्या घरी आता सारे ठीक आहे, आणि ते खोटे ठरेल. दुःखही सांगितले तर माझा विश्वास कमी पडला असे लोकांना वाटेल आणि आनंदाच्या दिवसावर विरजण पडेल. अशा वेळी देवासमोर आणि मंडळीसमोर प्रामाणिक राहून आभार कसे मानावेत? आणखी एक लहानशी अडचण आहे. उपकारस्तुतीच्या पाकिटात दरवर्षी टाकतो तेवढी रक्कम या वर्षी टाकणे शक्य नाही. पाकीट तसेच परत करावे का?

उत्तर : एक निवृत्त पाळक, अहिल्यानगर

प्रिय ताई, सलाम.

आपण ज्या उपासनेत साक्ष देणार आहात तिचे मूळ जिथे आहे तिथूनच सुरुवात करतो. जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या 26 व्या अध्यायात, देवाने देऊ केलेल्या देशात गेल्यावर जमिनीच्या प्रथमउत्पन्नाची टोपली घेऊन याजकापुढे उभे राहणाऱ्या इस्राएली शेतकऱ्याने काय बोलावे हे नेमून दिलेले आहे. टोपली वेदीपुढे ठेवल्यावर तो पिकाचे गुणगान करीत नाही. आपला पूर्वज भटकणारा अरामी होता, तो थोड्या माणसांनिशी मिसर देशात जाऊन उपरा म्हणून राहिला, तेथील लोकांनी आम्हाला छळले, आमच्यावर बिगारीचे ओझे लादले, तेव्हा आम्ही परमेश्वराचा धावा केला आणि त्याने आमचे कष्ट व आमच्यावरील जुलूम पाहिला, असे तो सांगतो. हे सारे बोलून झाल्यावरच तो म्हणतो की म्हणून या भूमीचे प्रथमउत्पन्न मी आणले आहे. सुगीच्या दिवशी छळाची आठवण उच्चारली तर सणाला बाधा येईल, असे पवित्र शास्त्राला वाटत नाही. उलट ती आठवण हा त्या आभारप्रदर्शनाचाच नेमलेला भाग आहे. त्यामुळे आपण वेदीपुढे उभे राहून पाण्याची बाटली आणि सडलेला कांदा यांविषयी बोललात, तर आपण उपासनेची रीत मोडत नसून तिच्या मूळ स्वरूपाकडे जात आहात.

कुणी म्हणेल की इस्राएल लोकांचे दुःख त्या वेळेपर्यंत संपलेले होते, तुमचे संपलेले नाही. हा आक्षेप योग्य आहे, आणि त्यासाठी स्तोत्रसंहिता उघडावी लागते. दीडशे स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश स्तोत्रे विलापाची आहेत आणि ती दुःख चालू असतानाच उच्चारलेली आहेत. तेराव्या स्तोत्रात ‘हे परमेश्वरा, कोठवर?’ असा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारून शेवटी स्तोत्रकर्ता गाऊ लागतो. मधल्या काळात त्याचा शत्रू नाहीसा झाल्याचे कुठेही लिहिलेले नाही. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते. त्याच्या शेवटी आभाराचा शब्दही नाही, आणि तरीही ते मंडळीच्या गीतांच्या संग्रहात ठेवले गेले. ज्या दिवशी आपल्या तोंडून आभार निघत नाहीत, त्या दिवशी आपल्यासाठीही पवित्र शास्त्रात एक पान राखून ठेवलेले आहे.

आता आजाराबद्दलच आभार मानण्याविषयी. योहानाच्या शुभवर्तमानाच्या 11 व्या अध्यायात प्रभू येशू आपला मित्र लाजर याच्या कबरेजवळ मोठ्याने प्रार्थना करतो, ‘हे पित्या, तू माझे ऐकलेस म्हणून मी तुझे आभार मानतो.’ परंतु त्याआधी तो आत्म्यात खवळला, व्याकूळ झाला आणि रडला, असे योहान लिहितो. लाजर मेला याबद्दल त्याने पित्याचे आभार मानलेले नाहीत. त्याने आभार मानले ते पिता ऐकतो याबद्दल. मृत्यूकडे पाहून तो रडलाच. जे प्रभूने केले नाही ते आपल्याकडून मागण्याचा अधिकार प्रार्थनेला येणाऱ्यांना नाही, हे मी विचारपूर्वक लिहितो.

उत्तर : वसईचे एक श्रद्धावंत

पाळकसाहेबांच्या उत्तरानंतर मी फक्त एका रात्रीविषयी लिहू इच्छितो. आम्हा कॅथलिकांच्या घरात रविवारच्या मिस्साला, म्हणजे प्रभुभोजनाच्या उपासनेला, न चुकता जाण्याची सवय लहानपणीच लागते, आणि त्यामुळेच कदाचित तेथील शब्दांकडे नीट लक्ष जात नाही. ज्या रात्री येशू धरून दिला गेला त्या रात्री त्याने भाकर हाती घेतली, आभार मानले आणि ती मोडली. हे वर्णन पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात दिले आहे आणि जवळपास त्याच शब्दांत धर्मगुरू दर मिस्सात ते उच्चारतात. विश्वासघात होणार हे ठाऊक असताना, ज्या भाकरीला त्याने आपले शरीर म्हटले ती हातात धरून त्याने आभार मानले. ख्रिस्ती माणसाच्या सर्व आभारांचा उगम त्या मेजावर आहे.

परंतु ती रात्र तेथे संपत नाही. मेजावरून उठून तो गेथशेमाने बागेत गेला आणि हा प्याला माझ्यापासून टळून जावो, अशी विनवणी त्याने एकदा नव्हे तर तीनदा केली. ‘माझा जीव मरणप्राय अति खिन्न झाला आहे’ असे त्याने शिष्यांना उघड सांगितले आणि माझ्याबरोबर जागे राहा अशी मदतही मागितली. थोड्या वेळापूर्वी मानलेले आभार त्यामुळे खोटे ठरले नाहीत आणि त्या आभारांमुळे बागेतली विनवणीही अनावश्यक ठरली नाही. ताई, यजमान बरे व्हावेत म्हणून तुम्ही रोज जी प्रार्थना करता आणि जाऊबाईंच्या डब्याबद्दल जे आभार मानता, त्या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या तोंडी शोभतात, कारण त्या एकाच रात्री प्रभूच्या तोंडी होत्या.

उत्तर : सोलापूरचे एक बंधू

वरील दोन्ही उत्तरांचा आदर राखून थोडा वेगळा मुद्दा मांडतो, कारण या चर्चेतून आभार मानणे हे केवळ मनाच्या इच्छेवर सोडून द्यावे असा अर्थ निघू नये असे मला वाटते.

इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात पौल सर्वदा आणि सर्व गोष्टींबद्दल देवपित्याची उपकारस्तुती करण्यास सांगतो. हे वचन कठीण आहे म्हणून बाजूला ठेवता येणार नाही. देवाच्या हाताबाहेर काहीच नाही, हा विश्वास त्याच्या मुळाशी आहे, आणि प्रार्थनेला येणारी माणसे कदाचित तेच सांगू पाहत असतील, त्यांचे शब्द चुकत असले तरी. शिवाय आभार ही भावना येईपर्यंत थांबून करण्याची गोष्ट नाही. दानीएलाचे उदाहरण पाहावे. राजाशिवाय कुणाकडेही मागणे करणाऱ्याला सिंहांच्या गुहेत टाकावे, या फर्मानावर सही झाल्याचे समजल्यावर तो घरी गेला, यरुशलेमेकडे उघडणाऱ्या खिडकीपाशी गुडघे टेकले आणि पूर्वीच्या रीतीप्रमाणे दिवसातून तीनदा प्रार्थना व आभारप्रदर्शन केले. ‘पूर्वीच्या रीतीप्रमाणे’ हे तेथील शब्द महत्त्वाचे आहेत. संकटाच्या दिवशी आभार कुठून आणावेत हे त्याला शोधावे लागले नाही, कारण ते अगोदरपासून रोजचे झालेले होते.

माझी नोकरी गेली त्या काळात मी रात्री झोपण्यापूर्वी त्या दिवशी प्रत्यक्ष घडलेली एक गोष्ट नाव घेऊन देवासमोर ठेवू लागलो. ‘सर्व कृपेबद्दल आभार’ असे मोघम बोलायचे नाही, असा नियम स्वतःला घातला. कधी ती गोष्ट एवढीच असे की आज कुणी पैशांची आठवण करून दिली नाही. नोकरी लगेच मिळाली नाही, पण देवाशी बोलणे बंद पडले नाही. ताईंनी प्रश्नातच परिचारिका आणि डबा यांचा जसा नेमका उल्लेख केला आहे, तसे नेमके बोलणे मला साक्षीसाठी योग्य वाटते.

उत्तर : निवृत्त पाळक

सोलापूरच्या बंधूंचा शिस्तीविषयीचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. फक्त दानीएलाविषयी एक भर घालतो. पुढच्याच वचनात त्याला पकडायला आलेली माणसे त्याला देवापाशी प्रार्थना व विनवणी करताना पाहतात. म्हणजे त्या खिडकीपाशीही आभार एकटे नव्हते.

इफिसकरांस पत्रातील वचनाविषयी एवढेच म्हणतो की देवाच्या हाताबाहेर काही नाही हे खरे, पण दुःखातून देवाने काय घडवले हे सांगण्याचा पहिला हक्क ज्याने दुःख भोगले त्याचा असतो. भावांनी विकून टाकलेल्या योसेफाने पुढे त्याच भावांना सांगितले की तुम्ही माझे वाईट योजले होते, परंतु देवाने त्यातून चांगले योजले. हे तो स्वतः म्हणाला, अनेक वर्षांनी म्हणाला आणि वाईटाला वाईट म्हणूनच म्हणाला. तो कैदेत असताना कुणी येऊन त्याला हे शिकवले नाही. मुले आणि मालमत्ता गमावलेल्या ईयोबाची गोष्टही तशीच आहे. ‘परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले, धन्य परमेश्वराचे नाम!’ असे तो पहिल्या अध्यायात म्हणाला आणि तिसऱ्या अध्यायात त्याने आपल्या जन्मदिवसाला शाप दिला. पहिले वाक्य आपण प्रेतयात्रेत नेहमी वाचतो, तिसरा अध्याय मात्र क्वचितच. शेवटी देवाचा राग पेटला तो अलीफज आणि त्याच्या दोन मित्रांवर, देवाची बाजू सावरण्यासाठी दुःखिताला उपदेश करणाऱ्यांवर. ईयोब माझ्याविषयी यथार्थ बोलला, असे देवच सांगतो.

उत्तर : पुण्यातील एक शिक्षिका

आपल्या मराठी ख्रिस्ती समाजाला पंडिता रमाबाईंचे नाव परके नाही, परंतु केडगावच्या ‘मुक्ती’ या त्यांच्या संस्थेचे मोठे काम सांगताना त्यांच्या साक्षीतला भुकेचा भाग आपण घाईने ओलांडतो. 1870 च्या दशकातील दुष्काळात त्यांचे वडील अनंतशास्त्री, आई लक्ष्मीबाई आणि थोरली बहीण एकामागून एक गेली. रमाबाईंनी हे मोघम शब्दांत लिहिले नाही. दागिने, भांडीकुंडी विकून झाल्यावर रानात पाने आणि मूठभर रानखजूर खाऊन काढलेले दिवस, भुकेने टेकीला आलेल्या वडिलांनी केलेला जलसमाधीचा निश्चय, हे सारे त्यांनी सविस्तर सांगितले आहे, आणि ते विश्वासात आल्यानंतर, देवाच्या उपकारांची साक्ष देताना सांगितले आहे. पुढे भाऊ श्रीनिवास गेला आणि लग्नानंतर दोन वर्षांच्या आतच, 1882 मध्ये, पतीही गेले.

1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तेथून उपाशी मुलींना घेऊन आल्या, त्यामागे स्वतःच्या भुकेची ही आठवण होती. ती आठवण त्यांनी गोड शब्दांखाली झाकून टाकली असती तर दुसऱ्याची भूक त्यांना इतक्या लवकर ओळखू आली नसती, असे मला वाटते. 1921 मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, जिच्या हाती संस्था सोपवण्याचे ठरलेले होते. त्यानंतरही त्यांनी पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतराचे काम चालू ठेवले आणि 5 एप्रिल 1922 रोजी त्या प्रभूकडे गेल्या. आपल्या समाजातील सर्वांत मोठी साक्ष अशी आहे, आणि तिच्यात दुःख वजा केलेले नाही.

उत्तर : एक परिचारिका, नाशिक

मी रुग्णालयात काम करते आणि डायलिसिसचे रुग्ण रोज पाहते, म्हणून व्यवहारातल्या दोन गोष्टी सांगते.

पहिली म्हणजे साक्षीत काय सांगणार हे यजमानांना आधी वाचून दाखवा. आजार त्यांच्या शरीराचा आहे. तहानेविषयी किंवा पैशांविषयी चारचौघांत बोललेले काही पुरुषांना फार लागते आणि ते बोलून दाखवत नाहीत. ते ज्याला नको म्हणतील ते वगळा. तेवढे वगळल्याने साक्ष खोटी होत नाही. कदाचित त्यांनाच एखादे वाक्य बोलायचे असेल.

दुसरी गोष्ट ऐकणाऱ्यांविषयी आहे. रोमकरांस पत्रात आनंद करणाऱ्यांबरोबर आनंद करा आणि शोक करणाऱ्यांबरोबर शोक करा असे सांगितले आहे. मंडळीला या आज्ञेचा पहिला भाग पाळण्याची संधी सुगीच्या दिवशी मिळते. दुसऱ्या भागाची संधी तुम्ही द्याल. त्या बाकांवर असे आणखी कुणी बसलेले असेल, ज्याच्या घरी कर्ज किंवा आजार आहे आणि जो दरवर्षी इतरांच्या साक्षी ऐकून आपल्यावरच देवाची कृपा नाही असे समजून घरी जातो. माझी वहिनी कॅन्सरच्या उपचारांच्या काळात अशाच कारणाने आभार-उपासनेला जाईनाशी झाली होती. तिला त्या दिवसांत एका तरी साक्षीत ‘अजून बरे झालेले नाही’ हे शब्द ऐकायला मिळायला हवे होते, याची मला अजून हळहळ वाटते.

प्रश्नकर्ती भगिनी

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री यजमानांना ही सारी उत्तरे वाचून दाखवली. अनुवादातला अध्याय त्यांनी दोनदा वाचायला लावला. पाण्याच्या बाटलीविषयी बोलायला त्यांची हरकत नाही. कर्जाचा आकडा मात्र सांगू नये असे ते म्हणाले. साक्षीत अगोदर काय घडले ते सांगायचे, मग कुणाकुणाच्या हातून देवाने मदत पाठवली त्यांची नावे घ्यायची, आणि शेवटी आम्ही बरे होण्यासाठी अजून मागत आहोत हे सांगायचे, असे ठरवले आहे. पाकिटाविषयी मात्र मनाची खात्री होत नाही. आमच्याकडे पाकिटावरचे नाव आणि रक्कम उपासनेत वाचली जाते.

उत्तर : निवृत्त पाळक

पाकीट रिकामे परत करू नका आणि कर्ज काढून भरूही नका. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात पौल स्पष्ट लिहितो की उत्सुकता असली म्हणजे जवळ जे आहे त्या मानाने दान मान्य होते, जवळ नाही त्या मानाने नव्हे. बाळ येशूला मंदिरात नेले तेव्हा योसेफ आणि मरीया यांनी होल्यांची जोडी किंवा पारव्यांची दोन पिल्ले अर्पण करण्याचा विधी पाळला, असे लूक सांगतो. ज्या आईला कोकरू परवडत नाही तिच्यासाठी लेवीय पुस्तकात नेमलेले अर्पण ते हेच. त्या दोघांनी त्याची लाज बाळगल्याचे कुठे दिसत नाही. आपल्याला जमेल ती रक्कम घाला, किंवा परसातली भाजी पाटीत घालून आणा. लिलावात तिचे जे येईल तेच आपले दान.

रक्कम वाचण्याविषयी पाळकसाहेबांशी उपासनेआधी बोला आणि या वर्षी कुणाचीच रक्कम वाचू नये, फक्त नावे वाचावीत, असे सुचवा. एकट्या तुमची वाचली नाही तर लोकांचे लक्ष जाईल. सर्वांचीच वाचली नाही तर अनेक घरांना मोकळे वाटेल. त्याच भेटीत आणखी एक विनंती करा. आपली साक्ष संपताच लगेच गीत सुरू करू नये. आधी मंडळीने उभे राहून आपल्या यजमानांसाठी, त्यांचे नाव घेऊन, प्रार्थना करावी. त्यांना त्या दिवशी बसवत असेल तर त्यांना पुढे आपल्याशेजारी खुर्ची द्यायला सांगा.